एकच सिनेमा केलेले अंबादासअण्णा

अंबादासअण्णा कोंड्याल यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी वर्गातल्या मुलींना रागावत असताना. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वर्गावर्गाचे फोटो काढायला एक छायाचित्रकार आले होते. मुली काही केल्या रांगेत उभ्या राहीनात, तेव्हा मी त्यांना दोन शब्द सुनावले. फोटो झाल्यावर ते गृहस्थ कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाची घडी घालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, रागावताना सगळ्यांचा आवाज चढतो. तुमचा खाली उतरतो. मी एक सिनेमा करतोय. त्यातल्या बाईचा आवाज असाच आहे."

मी गोंधळून गेले. सोलापुरात सिनेमे बघायचे असतात, करायचे नसतात, एवढंच मला माहीत होतं. "माझ्या वडिलांना विचारा," असं म्हणून मी सुटका करून घेतली. हे गृहस्थ खरोखरच घरी येतील असं वाटलं नव्हतं. ते त्याच संध्याकाळी आले.

माझे वडील, नाना, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी पाणी विचारलं आणि लगेच सांगितलं, "आमची मुलगी सिनेमात पाठवायची नाही."

"नका पाठवू," अण्णा म्हणाले. "तुम्ही घेऊन या. दर रविवारी स्वतः आणा, स्वतः परत न्या. काय चाललंय ते डोळ्यांनी बघा. एखादी गोष्ट पटली नाही तर तिथंच सांगा, मी कॅमेरा बंद करतो."

नाना तयार झाले. पहिल्या रविवारी ते छत्री घेऊन आले आणि पहारेकऱ्यासारखे एका बाजूला बसले. तिसऱ्या रविवारी उन्हानं फिल्म खराब होऊ नये म्हणून त्यांनी आपली छत्री कॅमेऱ्यावर धरली. पाचव्या रविवारी ते आमच्या नायकाला तोंडावर सांगू लागले, "आत्ताचं काही बरं नव्हतं. मघाचंच चांगलं होतं." अण्णा त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचे आणि पुष्कळदा मघाचंच ठेवायचे. पुढे नाना गेले, तेव्हा दहाव्या दिवशी टपालानं अण्णांचं एक पाकीट आलं. आत एक फोटो होता. नाना छत्री धरून उभे आहेत आणि कुणाच्या तरी बोलण्याला मनापासून हसत आहेत. आमच्या घरात नानांचा हसतानाचा तेवढा एकच फोटो आहे.

सिनेमाचं नाव होतं ‘सळई’. यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला भरधाव पळत असतो. तो बाहेर उडून माणसाला लागू नये म्हणून मागाला एक आडवी लोखंडी सळई असते. आमच्या सिनेमातला नायक कारखान्यात मागांची देखभाल करणारा तरुण आहे. एका मागाची सळई सैल झाल्याचं त्याला दिसतं, पण ‘उद्या बघू’ म्हणून तो पुढे जातो. धोटा उडतो आणि एका विणकराचा डोळा जातो. सगळे त्या विणकराला उचलत असताना नायक गुपचूप पाना घेऊन ती सळई घट्ट करतो. त्यामुळे चूक विणकराच्या हाताची ठरते. पुढचा सगळा सिनेमा त्या नायकाच्या मनात चालतो. तो जेवताना एक डोळा झाकून घेतो, रस्त्यानं चालताना एक डोळा झाकतो. त्याला त्या माणसाचं अर्धं जग बघायचं असतं आणि ते कधीच बघता येत नाही. मी त्या विणकराच्या बायकोचं काम करत होते.

नायक होते गफूरभाई. व्यवसायानं शिंपी, आवडीनं नट. बाकी बहुतेक माणसं कारखान्यातलीच. कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की वीस-पंचवीस सेकंद चालायचा, मग थांबायचा. एवढ्या वेळात जे सांगायचं ते सांगून झालं पाहिजे, म्हणून अण्णा आम्हाला आधी तासन्‌तास नुसतं बसवत, उठवत, चालवत. संवाद नंतर आमच्या शाळेच्या एका खोलीत ध्वनिमुद्रित केले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी टांगल्या होत्या. सोलापुरात दुसरं काही कमी पडलं तरी चादरी कमी पडत नाहीत. मे महिन्यात त्या बंद खोलीत आम्ही घामानं न्हाऊन निघायचो, आणि अण्णा शांतपणे म्हणायचे, "बाई, अजून एकदा. खालच्या आवाजात."

त्यांच्या कामाची एक रीत मला आजही फार मोठी वाटते. कारखान्यात चित्रण असलं की ते कुणालाही माग थांबवायला सांगत नसत. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबायचे. कुणी आपणहून "थांबवतो की" म्हणालं तर म्हणायचे, "नको. तुमचं काम आधी, माझं नंतर." आम्हाला तो त्यांचा सभ्यपणा वाटायचा. त्यामागे आणखी काही असेल अशी शंकाही आली नव्हती.

आता पुढचं लिहावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे होता. हा लेख अण्णांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी आहे, आणि गौरवग्रंथात चांगलंच लिहायची पद्धत आहे. मी अण्णांना पत्र टाकून विचारलं. चार ओळींचं उत्तर आलं : "तेच लिहा. ते सोडून बाकीचं लिहिणार असाल तर एक हार पाठवा आणि लिहू नका."

सिनेमा जवळजवळ पूर्ण झाला होता. शेवटचं एकच दृश्य उरलं होतं. त्यात नायक त्या विणकराच्या घरी जातो आणि खरं सांगतो. हे दृश्य आम्ही तीन रविवार केलं. दर वेळी अण्णा मान हलवायचे आणि सांगायचे, "नाही. हे खोटं वाटतंय." तिसऱ्या रविवारी गफूरभाईंनी अंगातला नायकाचा शर्ट काढून घडी करून खुर्चीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "अंबादास, ये आदमी क्या बोलता, मेरेकू नै मालूम. क्योंकी तेरेकूच नै मालूम."

मग मी विचारलं. का विचारलं ते सांगता येणार नाही. "अण्णा, तुम्ही हे कधी कुणाला सांगितलंय का?"

अण्णांनी सामान आवरायला घेतलं. कॅमेरा पेटीत ठेवून झाल्यावर खालमानेनं म्हणाले, "नाही."

मग ते सांगू लागले. बावीस वर्षांचे असताना ते स्वतः एका कारखान्यात मागांची देखभाल करत. मल्लेशम नावाच्या विणकराच्या मागाची सळई सैल झालेली त्यांना दिसली होती. त्या दिवशी त्यांना दुपारचा सिनेमा गाठायचा होता. उद्या बघू, म्हणून ते हात धुऊ लागले, आणि कारखान्यातून बाहेर पडायच्या आतच धोटा उडाला. सगळे मल्लेशमना उचलत होते तेव्हा त्यांनी पाना फिरवला. मालकांनी तपासलं तेव्हा सळई घट्ट होती. "सिनेमासाठी केलं ते," अण्णा म्हणाले. "सिनेमाच्या वेडापायी. नंतर ते काम सोडलं, काकांच्या स्टुडिओत गेलो. तेरा वर्षं झाली."

पुढच्या रविवारी चित्रण ठेवलं नव्हतं. अण्णा आमच्या घरी आले आणि नानांसमोर मला म्हणाले, "मल्लेशम कुंभारीला राहतात. तुम्ही दोघं माझ्याबरोबर याल का? एकटा गेलो तर दारातून परत येईन. याआधी दोनदा आलोय."

आम्ही बसनं गेलो. गावाबाहेर एका शेताच्या बांधाला पत्र्याची खोली होती. मल्लेशम ते शेत राखायचे. त्यांच्या पत्नी नरसव्वा दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. नाना लिंबाच्या झाडाखाली थांबले. "मी इथं बसतो," म्हणाले, "ते तुमचं आहे." आम्ही आत गेलो. जुन्या ओळखीचा माणूस आला म्हणून मल्लेशमना आनंद झाला. नरसव्वांनी चहा केला, कप आमच्यासमोर ठेवले आणि परत विड्या घेऊन बसल्या.

अण्णांनी चहाला हात लावला नाही. दोघांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, त्यांनी सगळं सांगितलं. तेलुगू विणकरांच्या शेजारात वाढल्यामुळे मला अर्धंअधिक कळत होतं. त्यांनी सैल सळईचं सांगितलं, पाना फिरवल्याचं सांगितलं, सिनेमाला जायचं होतं हेही सांगितलं. आवाज एकसारखा होता.

नरसव्वांचे हात थांबले. त्या उठल्या, आमच्यासमोरचे भरलेले कप उचलले आणि आत घेऊन गेल्या.

मल्लेशम बोलले ते मराठीत. "बाईंनाबी कळू दे," म्हणाले. "डोळा गेला, त्याचं काय एवढं न्हाय. एक हाय की अजून. पण माझा हात चुकला असं सगळे म्हणाले. मीबी म्हणालो. तेरा वर्षं झाली, पाणी पिताना पण हाताकडं बघतोय. माग सोडला तो त्याच्यामुळं, डोळ्यामुळं न्हाय. मी चांगला विणकर होतो की."

"होता," अण्णा म्हणाले. "त्या कारखान्यात तुमच्यासारखा दुसरा नव्हता."

"मग ते हितं येऊन मला कशाला सांगतोस? मला आता कळलं. त्यांना कोण सांगणार?"

"कुणाला?"

"जे त्या दिवशी तितं होते, त्यांना."

एवढं बोलून ते उठून शेताकडे गेले. आम्ही परत निघालो. बसमध्ये अण्णा सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. काळी जमीन भेगाळून पडली होती, दुष्काळाचे दिवस होते. त्यांचा चेहरा मला स्पष्ट आठवतो. माफी मिळाली नव्हती, तरी तो चेहरा पूर्वीपेक्षा मोकळा होता.

त्याच आठवड्यात ते कारखान्यात गेले. मला शाळा होती. गफूरभाई बरोबर होते, त्यांच्याकडून कळलं. जुने मालक वारले होते, त्यांच्या मुलानं परवानगी दिली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे विणकर जमले. अण्णांनी निरोप पाठवला होता, त्याप्रमाणे मल्लेशम धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. अण्णा त्याच मागाशेजारी उभे राहून बोलले. बोलून झाल्यावर एका म्हाताऱ्या विणकरानं विचारलं, "तू सळई घट्ट करत होतास तेव्हा आम्ही काय करत होतो?"

"तुम्ही यांना उचलत होता," अण्णा म्हणाले.

तो म्हातारा मल्लेशमजवळ गेला. त्यांचा हात धरून त्यांना आपल्या मागाकडे घेऊन आला आणि म्हणाला, "चालव." एका डोळ्यानं सूत नीट दिसेना. दोनदा धागा तुटला. तिसऱ्यांदा माग चालू झाला तो टॉवेल हातभर विणून होईपर्यंत थांबला नाही. सुट्टी संपली तरी कुणी आपल्या मागाकडे गेलं नाही, सगळे तो टॉवेल बघत उभे होते, असं गफूरभाई सांगायचे. पुढच्या महिन्यात मल्लेशम त्याच कारखान्यात कामाला लागले आणि हात थकेपर्यंत विणत राहिले.

आमचं शेवटचं दृश्य बदललं. आता नायक घरी जाऊन सांगतो आणि मग कारखान्यात सगळ्यांसमोर सांगतो. गफूरभाईंनी ते पहिल्याच प्रयत्नात केलं. घरातल्या प्रसंगात मी रडावं असं आधी ठरलं होतं. मी रडले नाही. समोरचे कप उचलले आणि आत गेले. अण्णांनी चावी संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला आणि नंतर फक्त मान डोलावली. सिनेमाच्या अगदी शेवटी मागावर फिरणारे दोन हात दिसतात. ते मल्लेशमचे आहेत. अण्णा स्वतः जाऊन विचारून आले होते. मल्लेशमनी एकच अट घातली : हात दाखवा, तोंड नको.

सोलापूरच्या एका चित्रगृहात रविवारी सकाळी ‘सळई’ दाखवला. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. दिवे लागले तरी माणसं बसून होती. नरसव्वा माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "मी कप असाच नेला होता का?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. माझ्या अभिनयाबद्दल एवढी मोठी दाद मला त्यानंतर मिळाली नाही. त्यानंतर मी अभिनय केलाही नाही.

खरं बोलल्याची किंमत अण्णांना द्यावी लागली. त्यांच्या विणकर समाजातली काही घरं लग्नाच्या फोटोंसाठी दुसऱ्यांकडे जाऊ लागली. सिनेमा चालावा म्हणून हे ढोंग केलं, असंही लोक बोलले. अण्णांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. मी एकदा चिडून विचारलं, तुम्ही बोलत का नाही? ते म्हणाले, "तेरा वर्षं मल्लेशम ऐकून घेत होते ना?"

मल्लेशमशी त्यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दर दसऱ्याला मल्लेशम स्टुडिओच्या दारात यायचे, आपट्याचं पान हातात द्यायचे आणि उभ्याउभ्या निघून जायचे. कितीतरी वर्षं असंच चाललं. एका दसऱ्याला ते आत येऊन खुर्चीवर बसले. थोडा वेळ बसले आणि गेले. त्या दिवशी अण्णांनी मला मुद्दाम पत्र लिहिलं. पत्रात एवढंच होतं : "आज मल्लेशम बसले." आज मल्लेशमही नाहीत, नरसव्वाही नाहीत. गफूरभाई तर त्यांच्याही आधी गेले.

आणि सिनेमाही राहिला नाही. त्याची एकच प्रत होती. एकदा पुण्यात दाखवली गेली, मग लांबच्या एका शहरात कुणी मागवली. डबे परत आले ते अदलाबदल होऊन. आत कुक्कुटपालनावरचा माहितीपट निघाला. अण्णांनी दोन वर्षं पत्रव्यवहार केला. मूळ निगेटिव्ह जिथं होती ती मुंबईची प्रयोगशाळा बंद पडली. त्या कोंबड्यांचे डबे अण्णांनी अजून सांभाळून ठेवलेत. म्हणतात, "ज्याचे असतील तोही शोधत असेल."

लग्नानंतर मी सोलापूर सोडलं. ज्या शहरात आले तिथं माग नाहीत, तेलुगू कानावर पडत नाही, आणि कडक उन्हात कुणी ‘अजून एकदा’ म्हणत नाही. संसार चांगला झाला, तक्रार काही नाही. पण रविवारची सकाळ आली की अजून वाटतं, आपल्याला कुठंतरी जायचं आहे. त्या सिनेमातला माझा चोविसाव्या वर्षीचा चेहरा मी चित्रगृहात एकदाच पाहिला. तो पुन्हा बघावा असं वाटतं, आणि नाना छत्री घेऊन ज्या बाजूला उभे असायचे ती, पडद्यावर कधीच न आलेली बाजूही बघावीशी वाटते. माझ्या मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती ऐकून घेतात. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.

अण्णांनी पुन्हा सिनेमा केला नाही. त्यांनी स्टुडिओ चालवला आणि तीस वर्षं दर रविवारी विणकरांच्या मुलींना छायाचित्रण शिकवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुली आज स्वतःचे स्टुडिओ चालवतात. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकीला सांगायचे, "काम सोडून जाण्याआधी एकदा मागं वळून बघायचं." मुलींना वाटायचं, सर दिवे बंद करायची आठवण करून देतायत.

मागच्या वर्षी मी सोलापूरला गेले होते. अण्णांची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यावर पट्टी होती. मी विचारलं, "अण्णा, आता साधनं सोपी झालीत. तुम्ही शिकवलेल्या मुली मदतीला आहेत. ‘सळई’ पुन्हा करू या का?"

ते थोडं हसले. "नको बाई. जे सांगायचं होतं ते सांगून झालं. मल्लेशमनी पाहिलं. आणखी कुणाला दाखवायचं?"

त्यांचं ते बरोबर असेल. माझी मात्र ओढ जात नाही. मग मी म्हटलं, "मला आठवतंय तेवढं मी सांगते, चुकलं तर सुधारा." आम्ही दोघं दुपारभर बोलत बसलो. कुठल्या दृश्यानंतर कुठलं येतं, गफूरभाई कुठल्या वाक्याला थांबायचे, कारखान्यात ऊन कुठून यायचं. अर्ध्यावर आलो आणि माझ्या गाडीची वेळ झाली.

अण्णा, तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे झालात. शंभरी तुम्ही गाठालच, ती धडधाकट गाठा. औषधं वेळेवर घ्या, मुली सांगतात ते ऐका. तुमच्यासाठी हे मागते, पण त्यात माझाही स्वार्थ आहे. तो सिनेमा जिच्याबरोबर बसून बघावा अशी दुसरी व्यक्ती आता मला उरलेली नाही. दिवाळी झाली की मी येते. मध्यंतरानंतरचं राहिलंय. सावकाश सांगा, मला परतीची घाई नाही.